आडवा महिरपी कंस (गणिती अक्षरजुळणी)

आडवा महिरपी कंस हे गणिती सूत्राच्या एखाद्या भागाच्या वर किंवा खाली काढले जाणारे चिन्ह आहे. महिरपी कंस आडवा केल्यास जो आकार दिसतो, तोच या चिन्हाचा आकार असतो. त्याचे मधले टोक ज्या बाजूला वळलेले असते, त्या बाजूला त्या भागाचे नाव, संख्या किंवा स्पष्टीकरण लहान अक्षरांत लिहिले जाते. या लेखनास येथे टीप म्हटले आहे. कंस आणि टीप या दोहोंचे आकार वेगवेगळ्या नियमांनी ठरतात. कंसाची रुंदी सूत्रावरून आपोआप ठरते, तर टिपेच्या अक्षरांचा आकार गणिती अक्षरजुळणीच्या शैलीवरून ठरतो. ही शैली रोमन लिपीतील एकेरी अक्षरे व अंक डोळ्यांसमोर ठेवून बेतलेली असल्यामुळे मराठी टिपांचा आकार बहुधा हाताने बदलावा लागतो.

नाव व उपयोग

मराठी शालेय गणितात साधा, महिरपी आणि चौकटी असे कंसांचे तीन प्रकार शिकवले जातात. वाड्यांच्या व देवळांच्या कमानींतील महिरपीशी असलेल्या साम्यामुळे महिरपी कंस हे नाव रूढ झाले. उभा महिरपी कंस पदांचा गट पाडतो किंवा संचाचे घटक आपल्या आत घेतो, आणि तो काढून टाकल्यास सूत्राचा अर्थ बदलू शकतो. आडव्या कंसाचे कार्य यापेक्षा वेगळे आहे. तो सूत्रातील क्रियेचा भाग नसून सूत्रावरील भाष्य असतो. तो पुसला तरी सूत्राची किंमत तीच राहते, परंतु वाचणाऱ्याला मिळणारी माहिती कमी होते.

त्याचा सर्वांत परिचित उपयोग पुनरावृत्ती मोजण्यासाठी होतो. ‘अ × अ × … × अ’ या गुणाकाराखाली कंस काढून त्याखाली ‘न वेळा’ असे लिहिले की हा ‘अ’चा न वा घात आहे, हे एका दृष्टिक्षेपात कळते. दुसरा उपयोग पदावलीतील रचना दाखवण्याचा आहे. य² + ६य + १३ ही पदावली य² + ६य + ९ + ४ अशी लिहून पहिल्या तीन पदांखाली कंस काढला आणि ‘पूर्ण वर्ग’ अशी टीप दिली, तर पुढच्या ओळीत (य + ३)² + ४ कोठून आले हे वेगळे सांगावे लागत नाही. तिसरा उपयोग उपयोजित विषयांत दिसतो. तेथे सूत्रातील प्रत्येक अवयवाचा व्यवहारातील अर्थ त्याच्या खालीच नोंदवला जातो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खिळ्यांच्या छपाईत लांब कंस एका खिळ्यातून मिळत नसे. दोन टोकांचे तुकडे, मधल्या टोकाचा तुकडा आणि त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या एकत्र बसवून जुळारी हवी ती लांबी साधत असे. गणिताच्या मजकुराची जुळणी त्यामुळे वेळखाऊ आणि महाग होती.

संगणकीय जुळणीतही हीच तुकड्यांची कल्पना कायम राहिली. अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नुथ यांना १९७७ मध्ये आपल्या ‘द आर्ट ऑफ कम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते मिळाली. नव्या छपाईतंत्राने जुळवलेली ही पाने त्यांना निकृष्ट वाटली, आणि त्यातून त्यांनी ‘टेक’ ही अक्षरजुळणी प्रणाली निर्माण केली. तिच्यावर आधारलेली ‘लाटेक’ ही प्रणाली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात तयार केली. आडव्या कंसासाठी या दोन्ही प्रणालींत ‘ओव्हरब्रेस’ आणि ‘अंडरब्रेस’ अशा दोन आज्ञा आहेत. पहिली सूत्राच्या वर, तर दुसरी सूत्राच्या खाली कंस काढते.

कंसाचा आकार कसा ठरतो

टेक प्रणालीत आडवा कंस चार वक्र तुकड्यांचा बनतो. दोन टोकांना प्रत्येकी एक आणि मधल्या टोकासाठी दोन, असे हे तुकडे असतात. त्यांच्यामधील जागा सरळ रेघेने भरली जाते. सूत्र रुंद झाले की फक्त ही रेघ लांबते. तुकड्यांची उंची आणि रेघेची जाडी बदलत नाही. याचे काही परिणाम व्यवहारात जाणवतात.

पहिला परिणाम अगदी अरुंद सूत्राखाली दिसतो. क्नुथ यांच्या मूळ फॉन्टमध्ये प्रत्येक तुकडा ४.५ पॉइंट रुंद आहे. त्यामुळे कोणताही आडवा कंस सुमारे १८ पॉइंटांपेक्षा अरुंद होत नाही. एका अक्षराखाली कंस काढल्यास तो अक्षराच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतो आणि शेजारची चिन्हे दूर सरकतात. अशा ठिकाणी कंसाऐवजी बाण किंवा साधी अधोरेषा अधिक योग्य ठरते.

दुसरा परिणाम मोठ्या अक्षरांत दिसतो. लाटेकच्या मूळ मांडणीत कंसांचे तुकडे पुरवणारा फॉन्ट १० पॉइंटांच्या एकाच आकारात वापरला जातो. भित्तिपत्रकावर किंवा सादरीकरणात अक्षरे २० पॉइंटांची केली, तरी कंसाची जाडी १० पॉइंटांच्या मजकुराला साजेशीच राहते आणि कंस किरकोळ दिसतो. ‘एक्सस्केल’ ही जोडप्रणाली वापरल्यास हे तुकडेही मजकुराच्या प्रमाणात मोठे होतात.

तिसरा परिणाम कंसाच्या आतील सूत्रावर होतो. कंसाची आज्ञा आतील मजकूर नेहमी स्वतंत्र ओळीतील सूत्राच्या मोठ्या शैलीत जुळवते. परिच्छेदातील ओळीत असा कंस वापरल्यास त्यातील अपूर्णांक एकाएकी मोठा होतो आणि ओळींमधील अंतर बिघडते. घातांकात कंस वापरल्यास आतील अक्षरे घातांकाच्या लहान आकाराऐवजी पूर्ण आकारात येतात. आतील मजकुरापूर्वी ‘टेक्स्टस्टाईल’ किंवा ‘स्क्रिप्टस्टाईल’ ही शैली स्पष्टपणे सांगितल्यास हा दोष दूर होतो. सूत्र आणि कंस यांच्यामधील अंतर मूळ व्याख्येत ३ पॉइंट ठेवलेले आहे.

टिपेचा आकार बदलणे

टीप पादांकाप्रमाणे जुळवली जाते. मजकूर १० पॉइंटांचा असल्यास पादांक ७ पॉइंटांचा आणि पादांकातील पादांक ५ पॉइंटांचा, असे टेकचे सर्वसाधारण प्रमाण आहे. ‘न’ किंवा ‘५’ अशा एकेरी चिन्हांना ७ पॉइंट पुरतात. शब्दांची टीप असल्यास पुढील उपाय केले जातात.

टिपेपूर्वी ‘टेक्स्टस्टाईल’ ही आज्ञा दिल्यास तिच्यातील गणिती चिन्हे पूर्ण आकारात येतात. शब्द मात्र ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या आत लिहावे लागतात. अन्यथा प्रत्येक अक्षर स्वतंत्र चल मानले जाऊन शब्दांमधील जागा नाहीशी होते. याच आज्ञेच्या आत नेमका आकारही सांगता येतो. १० पॉइंटांच्या लेखात ‘फूटनोटसाईज’ म्हणजे ८ पॉइंट आणि ‘स्मॉल’ म्हणजे ९ पॉइंट होतात. टीप मजकुराइतकीच मोठी केल्यास ती सूत्राचाच भाग वाटू लागते. त्यामुळे ती एक पायरी लहान ठेवण्याचा प्रघात आहे.

टीप मोठी केली की तिची रुंदी वाढते. ती कंसापेक्षा रुंद झाल्यास प्रणाली संपूर्ण भागाला टिपेइतकी जागा देते, आणि कंसाच्या दोन्ही बाजूंना सूत्रात मोकळी पोकळी दिसते. अधिक किंवा बरोबर ही चिन्हे आपल्या पदांपासून तुटल्यासारखी वाटतात. यावर दोन उपाय आहेत. ‘सबस्टॅक’ या आज्ञेने टीप दोन ओळींत मोडता येते. ‘मॅथटूल्स’ या जोडप्रणालीतील ‘मॅथक्लॅप’ या आज्ञेने टिपेची रुंदी शून्य धरली जाते. त्यामुळे सूत्रातील अंतरे जशीच्या तशी राहतात. दुसऱ्या उपायात प्रणाली टिपेची रुंदी विचारात घेत नाही. साहजिकच शेजारच्या दोन टिपा एकमेकींवर चढू शकतात किंवा टीप समासाबाहेर जाऊ शकते. ही तपासणी जुळणी करणाऱ्यालाच करावी लागते.

शेजारच्या कंसांची पातळी

एका सूत्रात अनेक कंस असतील तर ते एका पातळीवर येतीलच असे नाही. कंस आपल्या आतील मजकुराच्या सर्वांत खालच्या बिंदूनंतर काढला जातो. एका कंसात य² + ६य + ९ आणि शेजारच्या कंसात ४/५ हा उभा अपूर्णांक असल्यास दुसरा कंस बराच खाली उतरतो. पहिल्या कंसाच्या आत तोच अपूर्णांक ‘व्हीफँटम’ या आज्ञेने घातल्यास त्याची उंची व खोली मोजली जाते, पण तो छापला जात नाही आणि रुंदीही व्यापत नाही. दोन्ही कंस एका रेषेत येतात.

हाच प्रश्न टिपांच्या बाबतीतही येतो. उंच अक्षरांची टीप ठेंगण्या टिपेपेक्षा खाली बसते. प्रत्येक टिपेत ‘स्ट्रट’ नावाचा अदृश्य उभा आधार घातला की सर्व टिपांची उंची सारखी धरली जाते.

देवनागरी टिपांचे प्रश्न

रोमन अक्षरांचा मुख्य भाग आधाररेषेवर उभा असतो आणि मोजक्या अक्षरांची टोकेच वर किंवा खाली जातात. देवनागरीत शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, तर अक्षराखाली उकार व रकार येतात. जोडाक्षरांत दोन-तीन व्यंजने एकाच अक्षराच्या जागेत दाटतात. त्यामुळे त्याच पॉइंट आकारात देवनागरीतील तपशील अधिक बारीक होतात. ७ पॉइंटांना ‘महत्त्व’ या शब्दातील दुहेरी ‘त’ ओळखणे कठीण होते, आणि ५ पॉइंटांना अनुस्वार कागदावरील डागासारखा दिसतो किंवा छपाईत उडून जातो.

मराठीत ही केवळ सौंदर्याची बाब नाही. ‘घटकाचे वजन’ आणि ‘घटकांचे वजन’ यांतील फरक एका टिंबाचा आहे. पहिल्यात एका घटकाचे वजन अभिप्रेत असते, तर दुसऱ्यात अनेकांचे. टिपेतील अनुस्वार दिसला नाही तर विद्यार्थी सूत्रात चुकीची राशी घालू शकतो. म्हणून मराठी टिपेसाठी पादांकाचा मूळ आकार न वापरता ८ पॉइंटांच्या आसपासचा आकार घेणे आणि कंसाच्या आत दुसरा कंस घालून ५ पॉइंटांची टीप देणे टाळणे हितावह असते.

तांत्रिक अडचणही वेगळी आहे. टेकच्या जुन्या फॉन्टमध्ये २५६ चिन्हांचीच सोय होती. हॉलंडमधील ग्रोनिंगेन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी १९९१ मध्ये टेकसाठी देवनागरीची सोय केली. तिच्यात रोमन लिपीतील मजकूर एका पूर्वप्रक्रियेतून देवनागरीत आणला जाई. जोनाथन क्यू यांची ‘झीटेक’ ही प्रणाली २००४ मध्ये आली, आणि युनिकोडमध्ये टंकलेला मराठी मजकूर थेट वापरणे सुलभ झाले. तरीही गणिती अवस्थेत प्रत्येक वर्ण सुटा मानला जात असल्याने तेथे थेट लिहिलेल्या मराठी शब्दातील मात्रा अक्षरापासून तुटतात आणि जोडाक्षरे बनत नाहीत. म्हणून मराठी टीप नेहमी ‘टेक्स्ट’ या आज्ञेच्या आतच लिहावी लागते, आणि तेथे लागू होणारा फॉन्ट देवनागरीचा आहे याची खात्री करावी लागते. ‘फॉन्टस्पेक’ या जोडप्रणालीत देवनागरी फॉन्टला ठरावीक प्रमाणात मोठे करण्याची सोय आहे. तिचा उपयोग केल्यास प्रत्येक टिपेचा आकार स्वतंत्रपणे बदलण्याची गरज कमी होते.

पिंपरी-चिंचवड परिसरातील संदर्भ

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम भारतीय भाषांतून शिकवण्यास परवानगी दिली. २०२१ मध्ये ८ राज्यांतील १४ महाविद्यालयांनी ५ भाषांत असे शिक्षण देण्याची तयारी केली. त्यांत मराठीसाठी निगडी येथील पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगचा समावेश होता. तेथे संगणक अभियांत्रिकीचा पदवी अभ्यासक्रम मराठीतून सुरू झाला. पदवी स्तरावरील गणित मराठीतून शिकवायचे तर सूत्रांची चिन्हे आंतरराष्ट्रीय ठेवली, तरी त्यांवरील टिपा मराठीत द्याव्या लागतात. आडव्या कंसाच्या टिपेचा आकार हा त्यामुळे मराठी पाठ्यसामग्री तयार करणाऱ्यांचा प्रत्यक्ष प्रश्न बनतो.

पिंपरी, आकुर्डी, भोसरी ते चाकण हा पट्टा वाहने आणि वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. अशा उत्पादनात यंत्राची एकंदर परिणामकारकता मोजणारे एक सूत्र वापरले जाते. कारखान्यांत ते ‘ओईई’ या संक्षेपाने परिचित आहे. जपानमधील सेइची नाकाजिमा यांच्या यंत्रदेखभालीच्या विचारातून ते प्रसिद्धीस आले. उपलब्धता, गती आणि गुणवत्ता या तीन गुणोत्तरांचा गुणाकार म्हणजे ही परिणामकारकता होय.

समजा, एका पाळीत यंत्र ४५० मिनिटे चालवण्याचे नियोजन आहे. बिघाड व साचाबदल यांमुळे ते प्रत्यक्षात ४०५ मिनिटे चालले. एका नगास १.२ मिनिटे हा आदर्श वेळ असून २७० नग तयार झाले, आणि त्यांपैकी २४३ नग निर्दोष निघाले. सूत्र पुढीलप्रमाणे होते:

(४०५ / ४५०) × (२७० × १.२ / ४०५) × (२४३ / २७०) = ०.९ × ०.८ × ०.९ = ०.६४८

या गुणाकारात ४०५ आणि २७० या संख्या छेदल्या जातात आणि २४३ × १.२ / ४५० एवढेच उरते. म्हणजे केवळ उत्तर काढायचे असेल तर तीन गुणोत्तरांची गरजच नाही. ती लिहिली जातात ती तोटा कोठे झाला हे दाखवण्यासाठी. यंत्र बंद राहिल्याने ४५ मिनिटे, मंद चालल्याने ८१ मिनिटे आणि सदोष नगांमुळे ३२.४ मिनिटे वाया गेली. ही माहिती अंकांत नसून प्रत्येक गुणोत्तराखालील कंसात आणि ‘उपलब्धता’, ‘गती’, ‘गुणवत्ता’ या टिपांत असते. सर्वांत मोठा तोटा दुसऱ्या अवयवात असल्याने टिपा सरकल्या किंवा वाचता आल्या नाहीत, तर वाचणारा मंद गतीऐवजी बिघाडावर उपाय शोधू लागेल.

हे सूत्र छापताना वर सांगितलेले बहुतेक प्रश्न एकत्र येतात. उभ्या अपूर्णांकाच्या मांडणीत तिन्ही अवयवांची खोली जवळपास सारखी असल्याने कंस एका रेषेत बसतात. टिपा मात्र तशा बसत नाहीत. ‘गती’ या शब्दात शिरोरेखेवर वेलांटी आहे. ‘उपलब्धता’ आणि ‘गुणवत्ता’ या शब्दांत शिरोरेखेवर काहीच नाही. त्यामुळे मधली टीप किंचित खाली उतरते. तिन्ही टिपांत ‘स्ट्रट’ घातल्यास हा फरक नाहीसा होतो. ‘उपलब्धता’ हा शब्द ४०५/४५० या अरुंद अपूर्णांकापेक्षा बराच रुंद असल्याने पहिल्या गुणाकार चिन्हाच्या अलीकडे पोकळी पडते. येथे ‘मॅथक्लॅप’ वापरता येते, कारण मधल्या रुंद अवयवाखाली ‘गती’ हा आखूड शब्द असून दोन टिपा एकमेकींना भिडत नाहीत. टिपांचा आकार ८ पॉइंट ठेवल्यास ‘ब्ध’ आणि ‘त्त’ ही जोडाक्षरे स्पष्ट राहतात.

अन्य प्रणाली

मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००७ सोबत आलेल्या कॅम्ब्रिया मॅथ या फॉन्टपासून गणिती मांडणीची मापे फॉन्टमध्येच नोंदवण्याची पद्धत रूढ झाली. आडव्या कंसाचे तयार आकार, तो लांबवण्यासाठीचे तुकडे आणि पादांकाचे प्रमाण ही माहिती अशा फॉन्टमध्ये असते. त्यामुळे फॉन्ट बदलला की कंसाची जाडी आणि टिपेचा आकार दोन्ही बदलू शकतात. युनिकोडमध्ये वरच्या आणि खालच्या आडव्या महिरपी कंसांना स्वतंत्र स्थाने आहेत. लिबरऑफिसच्या सूत्रलेखकातही ‘ओव्हरब्रेस’ व ‘अंडरब्रेस’ याच नावांच्या आज्ञा आहेत.

संकेतस्थळांवरील सूत्रांसाठी असलेल्या ‘मॅथएमएल’ या भाषेत आडवा कंस हे ताणले जाणारे चिन्ह मानले जाते, आणि टीप त्याच्या खाली किंवा वर स्वतंत्र घटक म्हणून जोडली जाते. टिपेचा आकार गुणधर्माद्वारे ठरवता येतो. सूत्र चित्र म्हणून न देता अशा रचनेत दिल्यास कोणती टीप कोणत्या भागाची आहे हा संबंध टिकून राहतो, आणि दृष्टिहीन वाचकांसाठीची वाचनसाधनेही तो सांगू शकतात.

मर्यादा

आडव्या कंसात घातलेला मजकूर अखंड पेटी मानला जातो. त्यामुळे लांब सूत्र त्या ठिकाणी पुढच्या ओळीत मोडत नाही. दोन कंस एकमेकांना अंशतः छेदणारे हवे असल्यास साध्या आज्ञा पुरत नाहीत. एक कंस वर व दुसरा खाली देणे किंवा शून्य रुंदीच्या पेट्या आणि अदृश्य मजकूर यांचा मेळ घालणे, हे पर्याय उरतात. एका सूत्रात तीन-चारपेक्षा अधिक कंस आल्यास टिपांची गर्दी होते, आणि आकार कितीही जुळवला तरी वाचन सुलभ होत नाही. अशा वेळी सूत्र टप्प्याटप्प्याने लिहिणे किंवा प्रत्येक राशीचा अर्थ सूत्राखाली यादीरूपाने देणे अधिक उपयुक्त ठरते.